मनीप्लांट लावताय? आधी पाणी पाहा

डेंग्यूच्या दिवसांत तापाचा रुग्ण आला की मी हमखास विचारतो, "घरात मनीप्लांट आहे का?" नातेवाईक चक्रावतात. पण बाटलीतल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच एडिस डासाची मादी अंडी घालते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून वार ठरवून दर आठवड्याला पाणी बदला. नुसते ओतून भागत नाही. अंडी बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. बाटली ब्रशने घासाच. कुंडीखालच्या ताटलीचेही तेच.

नवशिक्यांनी मनीप्लांट मातीत लावलेला बरा. मुळे पेरातून फुटतात, त्यामुळे फांदी पेराखाली कापा. कुंडी खिडकीजवळ ठेवा, पण थेट ऊन नको. बोट खुपसून पाहा, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. हे झाड तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच मरते. मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात.

मनीप्लांट अळूच्या कुळातला. अळू खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, ते यातही असतात. रांगत्या बाळाने पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते. तोंडातले तुकडे काढा, तोंड ओल्या फडक्याने पुसा, थोडे गार पाणी पाजा. उलटी करवू नका. सूज आली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठा. घरात लहान मूल असेल तर वेल त्याच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवा.