न्यूरोफीडबॅक : यंत्र आणण्यापूर्वीचे प्रश्न

मुलाच्या डोक्याला संवेदक लावलेले असतात आणि समोरच्या पडद्यावर एक मोटार धावत असते. मेंदूतील लहरी ठरावीक मर्यादेत राहिल्या की मोटार वेग घेते. त्या ढळल्या की मंदावते. हीच न्यूरोफीडबॅकची पद्धत. मेंदूत वीज सोडली जात नाही; त्याच्याच लहरींची नोंद घेऊन ती तत्काळ त्याला दाखवली जाते. सरावाने मेंदू हवी ती लय धरायला शिकतो, असे यामागील गृहीतक आहे. मानसोपचाराच्या अनेक खासगी दवाखान्यांना म्हणूनच हे यंत्र आकर्षक वाटते.

या कल्पनेला शास्त्रीय पूर्वपीठिका आहे. मानवी मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकी संशोधक बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांची लहर वाढवण्यास शिकवले. अशा मांजरांना अग्निबाणाच्या विषारी इंधनामुळे येणारे झटके उशिरा येतात, असे त्यांना आढळले. त्यातून अपस्मारावर आणि नंतर अवधान-अस्थिरतेवर, म्हणजे एडीएचडीवर, हा प्रयोग सुरू झाला.

मात्र प्रयोगाचे यश आणि उपचाराची सिद्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत एडीएचडी असलेल्या १४४ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही मुलांना खरे प्रशिक्षण मिळाले, तर काहींना हुबेहूब दिसणारे बनावट. कोणाला काय मिळते आहे, हे पालकांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुले सुधारली. परंतु खऱ्या प्रशिक्षणाचा गट सरस ठरला नाही. २०२४ मध्ये ३८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. उपचाराचा प्रकार ठाऊक नसलेल्या निरीक्षकांच्या नोंदींत अर्थपूर्ण लाभ त्यातही दिसला नाही.

मग मुले सुधारली कशामुळे? नियमित भेटी, शांत बसण्याचा सराव, मिळणारे कौतुक, पालकांची आशा, काळाचा ओघ यांपैकी कशाचाही त्यात वाटा असू शकतो. हा लाभ खोटा नव्हे. पण त्याचे श्रेय यंत्राला देणे योग्य नाही.

म्हणूनच ही सेवा सुरू करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने काही पथ्ये पाळायला हवीत. न्यूरोफीडबॅक हा पूरक उपचार आहे, सिद्ध उपचारांचा पर्याय नव्हे, हे प्रारंभीच सांगावे. त्याच्या भरवशावर एडीएचडीची किंवा अपस्माराची औषधे परस्पर बंद करू नयेत. लहरींचा रंगीत नकाशा म्हणजे निदान नव्हे. बहुधा वीस ते चाळीस सत्रे लागत असल्याने एकूण खर्च आधीच लेखी द्यावा. मुलाच्या वर्तनाची नोंद सुरुवातीला शिक्षकांकडून घ्यावी आणि ठरलेल्या टप्प्यावर ती पुन्हा तपासावी. फरक नसेल, तर थांबावे. काहींना डोकेदुखी, थकवा वा चिडचिड जाणवू शकते, याचीही कल्पना द्यावी.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार संमतीपूर्वी उपचाराचे धोके, लाभ आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळणे अपेक्षित आहे. ती समजेल अशा भाषेत मागून घेण्यात पालकांनी संकोच बाळगू नये. ‘माझ्या मुलाला याचा उपयोग होत नसेल, तर ते आपल्याला केव्हा कळेल?’ या एका प्रश्नाला जो दवाखाना सरळ उत्तर देतो, त्याच्याकडील यंत्राचा विचार करता येईल.