अर्ध्या सेकंदाचा उशीर

29 मार्च 2024 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक तपशीलवार टिपण जाहीर केले आणि जगभरच्या संगणक-सुरक्षातज्ज्ञांची धावपळ सुरू झाली. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. सुरक्षा हा त्यांचा मुख्य विषय नव्हे. वेगाच्या चाचण्या घेताना त्यांच्या लक्षात आले, की दूरच्या संगणकात लॉग-इन करण्यासाठी वापरली जाणारी एसएसएच ही सेवा प्रोसेसरवर नको तेवढा ताण देते आहे आणि सुमारे अर्धा सेकंद जास्त घेते आहे. या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी पिच्छा पुरवला.

शोध येऊन थांबला तो ‘एक्सझेड’पाशी. फायली दाबून लहान करणारे हे एक साधे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली असेल, त्याला बाधित संगणकावर हवी ती आज्ञा चालवता आली असती. धोक्याच्या दहापैकी दहा गुण या त्रुटीला मिळाले. डेबियन, फेडोरा या लिनक्स प्रणालींच्या चाचणी आवृत्त्यांत ती पोहोचली होती. असंख्य सर्व्हरवर चालणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत शिरण्याआधीच ती पकडली गेली.

तांत्रिक करामत चकित करणारी होतीच. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवला होता आणि तो जागा करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच, फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. पण जास्त अस्वस्थ करते ती त्यामागची माणसांची गोष्ट.

एक्सझेड वर्षानुवर्षे सांभाळत होते फिनलंडचे लासे कॉलिन. पगार नाही, कंपनी नाही, हाताखाली कोणी नाही. 2021पासून ‘जिया टॅन’ नावाची व्यक्ती मदतीला येऊ लागली. तिने पाठवलेल्या दुरुस्त्या व्यवस्थित होत्या. 2022मध्ये ‘जिगर कुमार’सारख्या, इतरत्र कुठलाही माग नसलेल्या नावांनी तक्रारींचा लकडा लावला: काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कोणाकडे सोपवा. आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हा बिनपगारी छंद आहे, असे कॉलिन यांनी तेव्हा उघडपणे सांगितले होते. पुढे टॅनला नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचे अधिकार मिळाले. एका थकलेल्या माणसाला एकटे गाठून हा डाव रचला गेला. टॅन या नावामागे कोण आहे, हे अजून उघड झालेले नाही.

‘सगळ्यांना दिसणारे कोड सुरक्षित कसे?’ हा प्रश्न त्यानंतर पुन्हा विचारला गेला. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर याच घटनेत सापडते. फ्रॉइंड एक्सझेडचे कर्मचारी नव्हते, ग्राहकही नव्हते; तरी त्यांना आतपर्यंत पाहता आले. कुलूपबंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्यांना कंपनीकडे तक्रार नोंदवून वाट पाहावी लागली असती. मात्र कोड खुले असले म्हणून ते कोणी वाचतेच असे नाही. वाचायला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कोणाला तरी मोजावे लागतात.

हे आधीच कळायला हवे होते. 2014 साली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी सापडली, तेव्हा इंटरनेटवरच्या व्यवहारांना कुलूप लावणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या. त्याच्या भरवशावर बलाढ्य कंपन्या अब्जावधींचा धंदा करत होत्या! या कंपन्यांनी परवान्याचा भंग केला नव्हता, हे खरे. पण फुकट मिळालेल्या वस्तूची देखभालही आपोआप फुकट होत राहील, हे गृहीत धरणे अन्यायाचे आहे आणि धोक्याचेही.

काही ठिकाणी जाग आली आहे. जर्मनीने 2022मध्ये अशा पायाभूत प्रकल्पांसाठी सरकारी निधी सुरू केला. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने 2024मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलर देणारा निधी जाहीर केला. आपल्या देशातून अशी सुरुवात व्हावी, याचा आनंद वाटायलाच हवा. केंद्र सरकारने तर 2015मध्येच ई-शासनासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. वापराच्या त्या धोरणाला देखभालीच्या खर्चाची जोड हवी. सरकारी निविदेत सर्व्हर, वीज आणि मनुष्यबळ यांच्या रकमा लिहिल्या जातात. ज्या ओपन सोर्स प्रकल्पांवर ती यंत्रणा उभी राहणार, त्यांच्यासाठीही तिथे एक ओळ घालता येईल.

कॉलिन यांनी चोरदरवाजा काढून टाकलेली 5.6.2 ही आवृत्ती मे 2024मध्ये प्रसिद्ध केली. एक्सझेडची जबाबदारी त्यांनी सोडलेली नाही.