उंदराच्या मिशा आणि मेंदूचा नकाशा

मिशांच्या पाच रांगा

उंदराच्या मेंदूचा वरचा थर म्हणजे कॉर्टेक्स. हा थर सपाट करून त्याचे पातळ काप काढले आणि त्यांना योग्य रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींचे गोलसर पुंज दिसतात. ते पाच रांगांत ओळीने मांडलेले असतात. उंदराच्या मोठ्या मिशाही नाकाच्या प्रत्येक बाजूला पाच रांगांतच असतात. प्रत्येक मिशीसाठी एक पुंज असतो आणि मिशांचा जो क्रम, तोच पुंजांचा. डाव्या मिशांचे पुंज मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात असतात, उजव्यांचे डाव्या. १९७० मध्ये थॉमस वुल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस यांनी या पुंजांचं वर्णन केलं आणि त्यांना ‘बॅरल’ म्हटलं. अंधारात वावरणारा हा प्राणी मिशांनीच जग चाचपतो, त्यामुळे त्याच्या मेंदूतली बरीच जागा मिशांकडे असते.

पिल्लू जन्मतं तेव्हा हे पुंज नसतात. ते पहिल्या काही दिवसांत तयार होतात. पण ते कुठे तयार होणार, हे त्याआधीच ठरलेलं असतं. दृष्टीचा प्रदेश मागे, श्रवणाचा बाजूला, स्पर्शाचा पुढे आणि हालचालींचा त्याहून पुढे, हा क्रम उंदीर, मांजर, माकड आणि माणूस अशा सर्वांत ढोबळमानाने सारखाच आहे. तो ठरवतं कोण?

दोन मतं

१९८८ मध्ये पास्को राकिच यांनी मांडलं, की गर्भातल्या मेंदूच्या पोकळीलगत ज्या मूळ पेशी असतात, त्यांच्यातच पुढच्या प्रदेशांचा आराखडा असतो. तिथे जन्मलेल्या चेतापेशी सरळ वर चढत जातात, त्यामुळे खालचा आराखडा वरच्या थरात उतरतो. पुढच्याच वर्षी डेनिस ओलिअरी यांनी वेगळा भर दिला. त्यांच्या मते सुरुवातीचा कॉर्टेक्स बराचसा एकसारखा असतो आणि थॅलॅमसमधून येणारे तंतू त्याला वेगवेगळी कामं नेमून देतात. थॅलॅमस हे मेंदूच्या आतलं मोठं नाकं आहे. वास सोडला तर सर्व इंद्रियांचे संदेश तिथूनच कॉर्टेक्सकडे जातात.

१९९९ मध्ये एक निर्णायक पुरावा मिळाला. जीबीएक्स-२ हे जनुक नसलेल्या उंदरांत थॅलॅमसचे तंतू कॉर्टेक्सपर्यंत पोचलेच नाहीत. तरीही जन्माच्या वेळी कॉर्टेक्समध्ये निरनिराळी जनुकं आपापल्या नेहमीच्या जागी कार्यरत होती. म्हणजे पहिली रेघ आतूनच ओढली जाते. मला विशेष वाटतं ते हे, की त्यानंतरचा फार मोठा पुरावा २००० साली खुद्द ओलिअरींच्या प्रयोगशाळेतून आला. आपल्या आधीच्या भूमिकेला मुरड घालणारा पुरावा त्यांनी स्वतःच शोधून मांडला.

कमी-जास्तीचं गणित

‘दृष्टीचं जनुक’ किंवा ‘स्पर्शाचं जनुक’ असं काही नसतं. मोजक्या जनुकांचं प्रमाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी होत जातं, आणि त्या प्रमाणावरून पेशीला आपली जागा कळते. स्वयंपाकघरात फोडणी पडली की वास किती उग्र आहे त्यावरून आपण चुलीपासून किती लांब आहोत याचा अंदाज येतो, तसंच हे.

पुढच्या टोकाशी एफजीएफ-८ हे प्रथिन स्रवतं आणि मागे झिरपत जातं. पॅक्स-६ पुढच्या बाहेरच्या भागात जास्त, तर ईएमएक्स-२ मागच्या आतल्या भागात जास्त. ओलिअरींच्या प्रयोगशाळेचा २००० सालचा पुरावा याच दोन जनुकांबद्दल होता. ईएमएक्स-२ काढून टाकलं तर मागचा दृष्टिप्रदेश आक्रसतो आणि पुढचे प्रदेश पसरतात. पॅक्स-६ नसेल तर याच्या उलट. २००७ मध्ये कूप-टीएफ-१ हे जनुक फक्त कॉर्टेक्समधून काढलं गेलं. पुढचे आणि हालचालींचे प्रदेश इतके वाढले, की दृष्टी, श्रवण आणि स्पर्श हे तिन्ही अगदी मागच्या टोकाला दाटीवाटीने जाऊन बसले.

शिकागोत तोमोमी फुकुची-शिमोगोरी आणि एलिझाबेथ ग्रोव्ह यांनी २००१ मध्ये केलेला प्रयोग तर थक्क करणारा आहे. त्यांनी उंदराच्या गर्भाच्या मेंदूत, गर्भ आईच्या पोटात असतानाच, डीएनए टोचला आणि विजेचे सौम्य धक्के देऊन तो पेशींत घुसवला. पुढे एफजीएफ-८ वाढवलं तर मिशांचा प्रदेश मागे सरकला. त्याला अडवलं तर पुढे आला. आणि तेच प्रथिन मागच्या टोकाला सोडल्यावर तिथे मिशांच्या पुंजांचा दुसरा, अर्धामुर्धा संच उगवला! मिशा तेवढ्याच होत्या, नकाशे मात्र दोन झाले.

कुलाब्यातलं संशोधन

ग्रोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या शुभा तोळे पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्यांच्या गटाने २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलएचएक्स-२ या जनुकाबद्दल लिहिलं. कॉर्टेक्समधला प्रदेश ठरण्याआधी पेशीने मुळात कॉर्टेक्स व्हायला हवं, आणि तो निर्णय या जनुकावर अवलंबून असतो. ज्या पेशींत ते नव्हतं, त्या कॉर्टेक्सऐवजी त्याच्या काठाची ऊती बनल्या. ही ऊती शेजारच्या पेशींना स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस बनायला सांगते. त्यामुळे एकाच मेंदूत नको तिथे हिप्पोकॅम्पस तयार होऊ लागले. हे फक्त फार सुरुवातीच्या काळात घडतं. उशिरा जनुक काढलं तर पेशी कॉर्टेक्सच राहतात.

२०१३ मध्ये याच गटाने दाखवलं, की मिशांचे पुंज तयार व्हायलाही कॉर्टेक्समधलं एलएचएक्स-२ लागतं. एकच जनुक आधी ऊतीची जात ठरवतं आणि नंतर बारीक मांडणीतही हात घालतं.

इंद्रियांचा वाटा

एवढं असूनही जनुकांनी सगळं ठरत नाही. वुल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७३ मध्ये नवजात पिल्लांच्या मिशांची मुळं नष्ट केली, तेव्हा त्या मिशांचे पुंज बनलेच नाहीत. पहिला आठवडा उलटल्यावर हीच इजा झाली तर नकाशा तसाच राहतो.

उत्तर प्रदेशात जन्मलेले मृगांक सुर यांनी अमेरिकेत फेरेट या प्राण्याच्या पिल्लांमध्ये डोळ्यांचे तंतू श्रवणाच्या मार्गाकडे वळवले. श्रवणप्रदेशातल्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या, आणि हे प्राणी त्या प्रदेशाच्या आधाराने पाहू शकतात, हे २००० मध्ये सिद्ध झालं. तरी त्या प्रदेशातली पेशींची मांडणी खऱ्या दृष्टिप्रदेशाइतकी नेटकी नव्हती. मूळची छाप पूर्ण पुसली जात नाही.

माणसाच्या बाळाबाबत

उंदरातल्या कूप-टीएफ-१चं माणसातलं नाव एनआर-२-एफ-१. त्यात बिघाड झालेल्या मुलांचं वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांची दृष्टिचेता क्षीण असते, विकास मंद असतो आणि अनेकदा मेंदूतल्या दृष्टिप्रक्रियेतच अडचण असते. अशा मुलांना नुसता चष्मा लावून भागत नाही. तुमच्या ओळखीचं एखादं बाळ काही महिन्यांचं होऊनही चेहऱ्याकडे किंवा हलत्या खेळण्याकडे बघत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांसोबत बालचेतातज्ज्ञांनाही दाखवा, आणि जनुकीय तपासणीची गरज आहे का, हे त्यांना जरूर विचारा.