कोळसा-पाणी इंधन
बारीक दळलेला दगडी कोळसा पाण्यात मिसळून तयार केलेले, पंपाने वाहून नेता येणारे व फवाऱ्याच्या रूपात जाळता येणारे दाट निलंबन (द्रवात न विरघळता विखुरलेल्या घन कणांचे मिश्रण). त्यात वजनाने ६० ते ७० टक्के कोळसा, सु. १ टक्का वा त्याहून कमी पृष्ठक्रियाकारक (पृष्ठभागाचे गुणधर्म बदलणारे साबणासारखे द्रव्य) व उरलेले पाणी असते. १९७३ मधील खनिज तेलाच्या दरवाढीनंतर इंधन तेलाला पर्याय म्हणून त्यावरील संशोधनास चालना मिळाली.

या इंधनाकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. टाकीत साठविले असता कण तळाशी बसू नयेत आणि नळातून जाताना मात्र ते सहज वाहावे. कोळशाचा पृष्ठभाग बहुतांशी जलविरोधी असल्याने कण एकत्र येऊन त्यांचे गुच्छ बनतात. गुच्छांमधील पोकळ्यांत पाणी अडकते व मिश्रणाची श्यानता (दाटपणा) वाढते. पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूचे जलविरोधी टोक कोळशास चिकटते व जलरागी टोक पाण्याकडे राहते. लिग्नोसल्फोनेटासारखी ऋणायनी द्रव्ये कणांना ऋण विद्युत् भार देतात, त्यामुळे कण एकमेकांना दूर सारतात. अनायनी द्रव्यांच्या लांब साखळ्या कणांभोवती पाण्याचे आवरण धरून ठेवतात. अडकलेले पाणी मोकळे झाल्याने तेवढ्याच पाण्यात अधिक कोळसा सामावतो.

तथापि पूर्णपणे सुटे झालेले कण कालांतराने खाली बसून कठीण थर बनवितात. म्हणून झँथान गोंद किंवा बेंटोनाइट माती अल्प प्रमाणात घालतात. त्यामुळे स्थिर अवस्थेत कणांची सैल जाळी तयार होते; ढवळताच ती मोडते व पुन्हा जुळते. रिठ्याच्या फळांतील सॅपोनीन हे नैसर्गिक पृष्ठक्रियाकारक या कामी वापरण्याचे प्रयोग ओडिशातील संबळपूर विद्यापीठात झाले आहेत.

महाराष्ट्रातील दगडी कोळसा विदर्भात, मुख्यत्वे वर्धा खोऱ्यात व नागपूर परिसरात सापडतो. त्यात राख अधिक असते. राखेतील खनिजांपासून सुटणारे कॅल्शियमासारखे आयन कणांवरील विद्युत् भाराचा परिणाम क्षीण करतात. म्हणून कोळसा आधी धुऊन घेणे हितावह असते. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा दख्खनच्या बेसाल्टी खडकाचा असून तेथे कोळसा नाही, आणि पाण्याचेही दुर्भिक्ष आहे. ७० टक्के कोळशाच्या मिश्रणात दर टन कोळशामागे सु. ४३० लिटर पाणी लागते. ते ज्वलनात वाफ होऊन निघून जाते व त्यासाठी सु. ४ ते ६ टक्के उष्णता खर्ची पडते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी येथील औष्णिक विद्युत् केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

अमेरिकेतील ब्लॅक मेसा नळमार्गाने (सु. ४४० किमी.) १९७० पासून कोळसा व पाणी यांचे जवळजवळ समभाग मिश्रण वाहून नेले जाई, मात्र जाळण्यापूर्वी त्यातील पाणी काढावे लागे. त्यासाठी उपसल्या जाणाऱ्या भूजलावरून होपी व नव्हाहो लोकांत तीव्र असंतोष होता. हा नळमार्ग २००५ च्या अखेरीस बंद झाला. पृष्ठक्रियाकारकांमुळे पाण्याचे प्रमाण घटविता येते, पण त्याची गरज संपत नाही. अवर्षणप्रवण प्रदेशात या इंधनाचा विचार करताना कोळशाच्या किमतीइतकाच पाण्याचा हिशेबही मांडावा लागतो.