शहरातल्या मोकळ्या जागा – भाग ९
बागेत, टेकरीवर, तळ्याकाठी शिरणारी चाके

गेल्या भागात बागांच्या फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या फेरीवाल्यांचे नियम पाहिले. आज फाटकाच्या आतला प्रश्न घेऊ. जाड खाचांच्या टायरची डर्ट बाइक, चार फुगीर चाकांची एटीव्ही, उंच केलेली जीप. या गाड्या रस्ता सोडून मातीत चालवण्यासाठीच घेतल्या जातात. इंदूरमध्ये त्या चालवायला खास राखलेली सार्वजनिक जागा नाही, म्हणून त्या जिथे माती आणि चढ दिसेल तिथे जातात. बागेची मागची भिंत पडलेली असते, टेकरीवर पायवाट असते, तळ्याचा बांध मोकळा असतो, आणि पहाटे फिरायला येणाऱ्या माणसांच्या मधून इंजिनाचा आवाज सुरू होतो.

अशी गाडी घेताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ही रस्त्यावरची गाडी नाही, हिला पासिंग लागत नाही, लायसन्स लागत नाही. घेणारा ते खरे मानतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देतो. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग फक्त खासगी, बंदिस्त आवारात खरा आहे, आणि ती अट कोणी सांगत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी न झालेले मोटार वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. आता सार्वजनिक जागा कोणती, ते कलम २ च्या पोटकलम ३४ मध्ये सांगितले आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा इतर कोणतीही जागा, मग ती रहदारीची असो वा नसो, जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे ती सार्वजनिक जागा. ‘रहदारीची असो वा नसो’ हे शब्द पुन्हा वाचावेत. मेघदूत उपवन, नेहरू पार्क, पिपल्यापाल्याचे रीजनल पार्क, पितृ पर्वत, सिरपूर तळ्याचा काठ या सगळ्या जागा त्या व्याख्येत बसतात. बागेतल्या वाटेवर डांबर नाही, म्हणून कायदा फाटकाबाहेर थांबत नाही. लायसन्सचे कलम ३ आणि विम्याचे कलम १४६ हीदेखील ‘सार्वजनिक जागा’ याच शब्दांवर उभी आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलच्या लाहौल-स्पीतीत एका पर्यटकाने चंद्रा नदीच्या पात्रातून थार जीप चालवली. पोलिसांनी याच कायद्याखाली चलान केले. तिथे तर रस्ता नव्हताच, पाणी होते.

यात एक फट आहे, तीही समजून घेऊ. मोटार वाहन म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगे, यंत्राने चालणारे वाहन, अशी व्याख्या आहे आणि केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या खास प्रकारच्या वाहनाला तिच्यातून वगळले आहे. एटीव्हीवाले या अपवादाचा आधार घेतात. २००१ मध्ये बोस अब्राहम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलर हीसुद्धा मोटार वाहनेच ठरवली. रस्त्यावर चालू शकणारे यंत्र आवारात वापरले, एवढ्याने ते कायद्यातून सुटत नाही, असा त्याचा रोख होता. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात चालणाऱ्या गाड्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, लोकांना मोकळा प्रवेश नसलेल्या बंदिस्त आवारात वापरल्या गेलेल्या काळापुरता वाहन कर घेता येत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की माझे मत पक्के होते : अपवादाचा आधार कुंपणापर्यंतच आहे. एटीव्ही ‘बंदिस्त आवारासाठी’ असेल, तर बागेत ती आलीच कशी, याचे उत्तर चालवणाऱ्याने द्यायचे आहे.

गाडी-गाडीत फरक आहे. महिंद्रा थार किंवा हिरो एक्सपल्स या नोंदणी झालेल्या, नंबर असलेल्या गाड्या. त्यांना रस्त्यावर पूर्ण मुभा, बागेत मात्र बागेच्या मालकाची, म्हणजे नगर निगमची किंवा विकास प्राधिकरणाची, परवानगी हवी. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या शर्यतीच्या बाइक केवळ ट्रॅकसाठी विकल्या जातात. त्यांची रस्त्यासाठीची चाचणी झालेली नसते, म्हणून आरटीओ त्यांना नंबर देऊ शकत नाही. पोलॅरिस कंपनीने भारतात आपल्या एटीव्हीचे एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल असे आणले. म्हणजे नंबर हवाच असेल तर कंपनीला मार्ग काढता येतो. तिसरा प्रकार घरी बदललेल्या गाड्यांचा : सस्पेन्शन उंच, टायर मोठे, सायलेन्सर काढलेला. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत आणि कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

बॅटरीच्या छोट्या गाड्यांबद्दलही विचारले जाते. मोटारीची ताकद पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशी दुचाकी मोटार वाहनात मोडत नाही. बागेत लहान मुलांना बसवून फिरवतात त्या खेळण्यातल्या मोटारींचा प्रश्न बागेच्या ठेक्याचा आहे, आरटीओचा नाही. पण हजार वॅटची ‘इलेक्ट्रिक डर्ट बाइक’ मुलांचे खेळणे म्हणून घेतली, तरी ती त्या सवलतीत बसत नाही.

आता आईवडिलांनी नीट वाचावे असा भाग. सोळा वर्षांच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तीही लायसन्स काढून. बाकी खासगी गाड्यांसाठी अठरा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ सांगते की, अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते. किल्ली स्वतः दिली असेल, तर ते सिद्ध होणार कसे?

अपघात झाल्यावर पैशाची बाजू याहून कठीण आहे. नोंदणी नसलेल्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा नसतो. सकाळी फिरणाऱ्या एखाद्या आजींचा पाय मोडला, तर दवाखान्याचा खर्च आणि न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्या खिशातून जाते. नंबर आणि विमा असलेल्या जीपवाल्यांनीही आपली पॉलिसी वाचावी. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना नेहमीच्या पॉलिसीत संरक्षण नसते. आणि खासगी जमिनीवर चालवले म्हणून सगळे माफ होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक वाटेवरच्या बेदरकार हाकण्याबद्दल आहे, पण दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचे कलम १२५ जागा पाहत नाही.

शहराच्या बागा सोडून रालामंडळकडे वळलो की कायदा आणखी कडक होतो. होळकरांची जुनी शिकारगाह माथ्यावर असलेली ही टेकरी १९८९ पासून अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम २३४ हेक्टर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. कामावरचे सरकारी नोकर, आत ज्यांची मालमत्ता आहे ते, सार्वजनिक महामार्गाने पार होणारे, असे मोजके लोक त्यातून सुटतात. पर्यटनासाठी परवाना मिळतो, पण तो आखलेल्या वाटेपुरता. वाट सोडून झाडीत गाडी घातली आणि अधिवासाचे नुकसान झाले, तर कलम २९ लागते. चोरल, महू, पाताळपाणी, तिंछा या बाजूला पावसाळ्यात जीपचे ताफे जातात. तिथे अभयारण्य नसले, तरी जिथे राखीव वन आहे तिथे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे. ओढ्याच्या काठी पाटी दिसली नाही, हे सांगून सुटका होत नाही.

परवाना असलेल्यांनाही वाटेचे बंधन असते, हे विदर्भात दिसले. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून अडवले. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या सगळ्या गाड्या रीतसर तिकीट काढून आत आल्या होत्या.

एवढे कायदे कशासाठी, याचे खरे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात नाही, माळव्याच्या मातीत सापडते.

आपली काळी माती बेसाल्ट खडकातून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतूनच खोल जाते. ओल्या मातीवरून जड गाडी गेली की कणांमधली पोकळी दाबली जाते, भेगा मिटतात, वरचा थर वाळून विटेसारखा होतो. मग पाणी मुरत नाही, वाहते. टेकरीवर तर मातीचा थर पातळ, खाली मुरूम. तिथे मातीला धरून ठेवणारे फक्त गवताचे मूळ असते. बाइकवाला चढ सरळ वर घेतो, कारण मजा त्यातच आहे. चाकांची ती सरळ रेघ पुढच्या पावसात पाण्याची वाट होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत घळ होते. घळ खोल झाली की पुढचे लोक तिच्या बाजूने चढतात, म्हणून एका वाटेच्या चार होतात. हे नुकसान कुदळ-फावड्याने भरून निघत नाही. वाहून गेलेली माती खालच्या नाल्यात किंवा तळ्यात गाळ होऊन बसलेली असते.

१४ जुलै २०२४ ला इंदूरने रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम केला. शहराने उजाड टेकऱ्यांवर एवढा जीव लावला आहे. गुडघ्याएवढे रोप गाडीच्या सीटवरून गवतच दिसते. लावणाऱ्या शहराने रोपांच्या टेकऱ्यांवर चाकांना मज्जाव करणे हे त्याच कामाचा भाग आहे, असे मी मानतो.

सिरपूरची गोष्ट आणखी नाजूक. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर ‘पाणथळ शहर’ ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यामागे पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्यासारख्या निसर्गप्रेमींनी सिरपूरसाठी वर्षानुवर्षे केलेली खटपट आहे. या काठावर टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. पायी चालणाऱ्यावर टिटवी ओरडून झेप घेते आणि तो थांबतो. हेल्मेट घातलेल्याला, इंजिनाच्या आवाजात, ती ऐकू येत नाही.

जगाने हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेत ८ फेब्रुवारी १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एक आदेश काढला. केंद्राच्या जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे आखून द्यावे, आणि आखताना मातीचे नुकसान, वन्यजीवांचा त्रास व इतर लोकांशी संघर्ष कमीत कमी ठेवावा, असे त्यात होते. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली : नुकसान दिसले तर ती वाट लगेच बंद करावी. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात रस्त्यापासून पंधरा यार्डांच्या आत, तेही केवळ गाडी उभी करण्यासाठी, मोकळ्या जमिनीवर जाण्याची सवलत आहे, आणि त्रास देणारी गाडी पोलीस जप्त करू शकतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणे पर्यटन स्थळांच्या २००१ च्या कायद्याखाली दंडनीय आहे.

यातली अमेरिकेची पद्धत इंदूरला घेण्याजोगी वाटते, कारण ती फक्त ‘नाही’ म्हणत नाही. या गाड्या चालवणारी मुले वाईट नाहीत. गाडीवरचा तोल, चिखलातून बाहेर येण्याचे कसब, एकमेकांना दोर लावून काढण्याची सवय, हे शिकण्यासारखे आहे. त्यांना बायपासपलीकडे एखादी बंद पडलेली गिट्टीखाण द्यावी. तिथे माती आधीच गेलेली असते. कुंपण, रुग्णवाहिका, हेल्मेट, वयाची अट आणि येणाऱ्या प्रत्येकाची नोंद, एवढे असले की पुरे. प्रशासनाने जागा दिली, तर बागेत शिरणाऱ्याला सांगायलाही तोंड राहते.

तोपर्यंत फाटके नीट करावी लागतील. दोन खांबांमध्ये तीन फूट जागा ठेवली तर जीप अडते, पण बाइक सुटते. आणखी आवळली तर व्हीलचेअर अडते. म्हणून खांबांवर भिस्त ठेवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ रखवालदार हवा. दिव्यांगांची वाहने, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर आणि कचरागाडी यांना मुभा असल्याचे पाटीवर लिहावे, म्हणजे वाद होत नाही. पाटीवर ‘वाहनांस मनाई’ एवढेच न लिहिता कलम आणि दंड लिहावा : लायसन्स नसल्यास ५,०००, नोंदणी नसल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,०००, विमा नसल्यास २,०००.

गाडी आत दिसली तर तिच्यापुढे उभे राहू नका, चालवणाऱ्याशी हुज्जत घालू नका. लांबून फोटो घ्या, वेळ आणि फाटक लिहून ठेवा. कोणाला धोका असेल तर ११२, एरवी निगमच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर तक्रार, आणि रालामंडळ किंवा चोरलच्या बाजूचे असेल तर वन विभागाचे परिक्षेत्र कार्यालय. तुटलेली भिंत दिसली तर तीही त्याच ॲपवर नोंदवा, कारण बहुतेक गाड्या फाटकातून नाही, तिथूनच येतात.

पुढच्या भागात : बागेतले ध्वनिक्षेपक आणि सकाळचे योगवर्ग.