इगतपुरी परिसरातील कारवीचा बहर

इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तेरडा व सोनकी ही प्रतिवर्षी पावसाळ्यात फुलतात. कारवीचे तसे नाही. अडुळशाच्या कुळातील हे झुडूप सुमारे सात-आठ वर्षे नुसते पानांनी वाढते आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरात सगळा उतार एकदमच जांभळा होतो. बहराचे वर्ष मात्र सर्वत्र एक नसते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तो २००८ व २०१६ साली आला. त्यावरून थळ घाटाचे गणित मांडणे युक्त नव्हे.

एकाच वेळी एवढे बी तयार झाले म्हणजे ते खाणाऱ्यांना सारेच संपविता येत नाही, असे या सामुदायिक बहराचे एक स्पष्टीकरण दिले जाते. बी धरल्यावर झाड मरते. सुकी बोंडे वाळक्या काठ्यांवर तशीच राहतात व पुढील वर्षीच्या पहिल्या सरींनी भिजताच तडतड फुटून बी दूर उडवितात. आयुष्यात एकदाच धरलेले हे बी अशा रीतीने सबंध उन्हाळा उघड्यावर काढते. कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडण्याची रीत जुनी आहे. बी पडल्यावर तोडल्यास तिच्यापासून फारसे भय नाही. भय आहे ते वणव्याचे. सबब बहरानंतरच्या फाल्गुनापासून मृगापर्यंत या उतारांची आगीपासून राखण करणे अगत्याचे आहे.