जुन्या तंबोऱ्याची नवी घोडी

जुना तंबोरा दुरुस्तीला आला की मिरजेचा कारागीर आधी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बघतो. वर्षानुवर्षे तारा घासून तिच्या पाठीवर बारीक चऱ्या पडलेल्या असतात. तार चरीत रुतली की गुंजन आटतं. जवारी गेली, असं गाणारे म्हणतात.

चर उथळ असेल तर कानस आणि पॉलिश पेपरने जवारी पुन्हा काढता येते. पण घासून घासून घोडी बसकी झाली किंवा तडकली, तर नवी घडवावीच लागते. जुनीची नक्कल करून भागत नाही. तारांच्या ताणाने तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, इतक्या वर्षांत थोडी दबलेली असते, दांडीही किंचित वाकलेली असते. म्हणून घोडीचे पाय त्या तबलीच्या आजच्या उठावावर टेकवून, पुन्हा पुन्हा घासून बसवायचे.

खरी कसोटी पाठीची. तिला अगदी हलका उतार हवा, म्हणजे कंप पावणारी तार तिला सतत स्पर्शत राहते आणि वरचे स्वर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली नेमकं हेच तपासलं: तार जिथे छेडली तिथल्या नियमाने जे उपस्वर उमटायला नकोत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात. खर्जाची पितळी तार जाड, जोडाच्या पोलादी तारा बारीक. प्रत्येकीखालचा उतार वेगळा. कारागीर दोन हात कानस मारतो, तार चढवतो, तार आणि घोडीमध्ये सुताचा दोरा सरकवून ऐकतो, तार उतरवतो. हे मोजपट्टीवर जमत नाही.

पूर्वी घोडीला हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. आता उंटाचं हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. हस्तिदंताची घोडीही उतार चुकला तर मुकीच राहते.

खुंट्यांचं काम त्यामानाने सरळ. भोक झिजून लांबट झालेलं असतं; ते गोल करून त्याच्या निमुळतेपणाला जुळणारी जाड खुंटी बसवायची, वर थोडा खडू लावायचा.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, सुरू केलं. 2024 मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कौतुक नव्या वाद्यांचं झालं. दुरुस्तीचा हात मात्र दुर्लक्षितच राहिला, याचं मला वाईट वाटतं. नवी घोडी बसली तरी काही दिवसांनी तारा स्थिरावतात आणि जवारी पुन्हा हलकीशी काढावी लागते. त्या फेरीची मजुरी गाणाऱ्यांनी न मागता द्यावी.